ओसरीवरची तसबीर

अणदूरच्या आमच्या घरी ओसरीवर अटलबिहारी वाजपेयींची तसबीर होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापूरहून चौकट करून आणलेली. दादा जनसंघाचे जुने कार्यकर्ते. गावोगाव भिंतींवर पणती रंगवायची आणि उमेदवाराची अनामत जप्त झाली की मुकाट्याने घरी यायचे, हा त्यांचा नेम.

१९७७ साली जनसंघ जनता पक्षात विलीन झाला. पुढे दुहेरी सदस्यत्वाच्या वादातून ही मंडळी बाहेर पडली आणि एप्रिल १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष निघाला. वाजपेयी पहिले अध्यक्ष. डिसेंबरात मुंबईला, वांद्र्यात, अधिवेशन भरले. आईने बांधून दिलेल्या दशम्या घेऊन दादा मोठ्या उमेदीने गेले.

परतले ते गप्प. दोन दिवसांनी एकदम म्हणाले, "गांधीवादी समाजवाद म्हणे! मग दीनदयाळजींचा एकात्म मानववाद कुठं ठेवायचा?" भगव्या झेंड्याला हिरवा पट्टा जोडला, तोही त्यांना रुचला नव्हता. विजयाराजे शिंदे यांनी या समाजवादाला हरकत घेतली, एवढाच त्यांना दिलासा.

शेजारचे गुरुजी पक्के समाजवादी. त्यांना तर पर्वणीच! "दादा, तुमचे अध्यक्ष आता आमची भाषा बोलायला लागले. अहो, आपला खंडोबासुद्धा काही दिवस नळदुर्गला जाऊन राहतो."

"देव परत येतो, गुरुजी," दादा म्हणाले.

त्या रात्री तसबीर उतरली आणि ट्रंकेत गेली. मला आज वाटते, समाजवाद या शब्दाहून त्यांना दुसरेच अधिक लागले होते. ज्याच्यासाठी वीस वर्षे चुना कालवला, त्या माणसाने दिशा बदलताना आपल्याला विचारलेसुद्धा नाही! पण खेड्यातल्या कार्यकर्त्याला विचारतो कोण?

१९८४ च्या निवडणुकीत पक्षाला साऱ्या देशात दोन जागा मिळाल्या. ग्वाल्हेरला खुद्द वाजपेयी माधवराव शिंद्यांकडून हरले. बसस्टँडवरच्या हॉटेलात हशा पिकला. 'आम्ही सांगत होतो' असे म्हणण्याचा हक्क खरे तर दादांचा. ते घरी आले, ट्रंक उघडली आणि मला म्हणाले, "खिळा आण रे."

१९८६ मध्ये लालकृष्ण अडवाणी अध्यक्ष झाले. पक्ष पुन्हा दादांच्या मनासारखे बोलू लागला. गुरुजींनी विचारले, "आता नवी तसबीर कधी?"

दादांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला आणि पावसापाण्याचा विषय काढला.