परवलीचा शब्द

बन्नीमंटपातील माझ्या घराची मागची भिंत आणि एका उदबत्ती-व्यापाऱ्याच्या गोदामाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम चार हातांची बोळ आहे. सकाळी नऊच्या सुमारास गोदामाचे शटर वर जाते आणि चंदन, मोगरा, ऊद यांचा संमिश्र वास ती बोळ ओलांडून माझ्या अभ्यासिकेत येतो. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही आणि त्यांनीही कधी परवानगी मागितली नाही. शेजाऱ्यांनी अशा काही गोष्टी परस्परांना न सांगता मान्य केलेल्या असतात. परंतु त्या भिंतीतून आणखीही काही माझ्या घरात येत होते, याचा पत्ता मात्र मला गेल्या आषाढापर्यंत नव्हता.

त्या आठवड्यात पावसाने माझी इंटरनेटची जोडणी बंद पडली होती. पुण्याहून आलेल्या भाच्याने माझा संगणक उघडला, तेव्हा आसपासच्या बिनतारी जाळ्यांची, म्हणजे लोक ज्यांना वायफाय म्हणतात त्यांची, नावे पडद्यावर ओळीने उमटली. प्रत्येकापुढे एक चिमुकले कुलूप होते, एकापुढे नव्हते. "मामा, शेजारचं उघडंच आहे की," असे म्हणून त्याने कळ दाबली. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. संगणक मात्र त्या वाटेला सरावला. पुढच्या तीन संध्याकाळी मी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती त्या परक्या जोडणीवरून निश्चिंतपणे चाळत होतो. आपण कोणाचे काही घेत आहोत असे मनातही आले नाही. दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडात पोथी वाचणाऱ्याला तेल जळते आहे याची जाणीव नसते, तद्वत.

चौथ्या संध्याकाळी पडद्याच्या कडेला गोदामातील संगणकाचे नाव दिसले. त्याच्याखाली काही कप्पे होते आणि एकाचे नाव 'मजुरी' असे कन्नडमध्ये होते. येथपर्यंत जे झाले त्याला अजाणतेपण म्हणता येईल. पुढे मी तो कप्पा उघडला, त्याला ते म्हणता येणार नाही. म्हैसुरातील या धंद्यात काड्या वळण्याचे बरेचसे काम बायका घरी बसून करतात आणि हजार काड्यांमागे मजुरी घेतात. त्या बायकांची नावे, आधारपत्रांच्या प्रती, दिलेल्या काड्या, घेतलेली उचल, सारे तेथे होते. चौथ्या की पाचव्या ओळीत आमच्याकडे सकाळी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे नाव होते. उचल नऊ हजार.

मी संगणक मिटला. सहा वर्षे या बाई आमच्या घरात वावरत आहेत आणि या उचलीविषयी एक अक्षरही त्यांनी कधी काढलेले नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे आल्या, तेव्हा त्यांच्याकडे पाहताना मलाच चोरट्यासारखे झाले.

शेजाऱ्याला सांगावयास हवे, हे उघड होते. पण कसे? त्याच्या दाराची कडी निघाली आहे असे सांगण्यात संकोच नसतो, कारण दार रस्त्यावरून दिसते. येथेही कुलूप नसल्याचे बाहेरून दिसत होतेच. तेवढेच पाहून मी उठलो असतो तर त्याच संध्याकाळी सांगून मोकळा झालो असतो. आता मात्र दार उघडे आहे असे सांगणे म्हणजे मी आत जाऊन आलो असे सांगणे होते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम मी त्या रात्री प्रथमच लक्षपूर्वक वाचले. मालकाच्या अनुमतीविना त्याच्या संगणकात वा जाळ्यात प्रवेश करणाऱ्याचा त्यात समाचार घेतलेला आहे. दार उघडे होते की बंद, याची चौकशी त्या वाक्यात नाही.

अशा वेळी मराठी माणसाला हिरकणी आठवावी हे स्वाभाविक आहे. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या मुलासाठी ती गवळण कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. आपण तिच्यात मातृत्वाचा गौरव पाहतो आणि ते योग्यच आहे. पण किल्लेदाराच्या दृष्टीने पाहिले तर तिने गडाचे एक उघडे दार दाखवून दिले, आणि तेही स्वतः त्यातून जाऊन. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. दोन्ही गोष्टी करणारा मालक विरळा. आणि मोहापायी आत डोकावलेल्या माणसाने हिरकणीचा आधार घेणे तर हास्यास्पदच.

या प्रश्नाची दुसरी, भयंकर बाजू मुंबईने पाहिली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना जे ई-पत्र गेले, ते नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या असंरक्षित जोडणीवरून पाठविलेले निघाले. पोलीस अर्थातच आधी त्याच्या दारात गेले. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरात, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीचे जाळे तसेच वापरले गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून अशी उघडी जाळी हुडकण्याचे आणि त्यांच्या मालकांना नोटिसा देण्याचे ठरविले. पोलिसाच्या हाती नोटीस असते. त्याला 'तुम्हांला कसे कळले?' असे कोणी विचारत नाही.

दोन दिवस मी हे मनात घोळवीत फिरलो. बन्नी म्हणजे शमी. दसऱ्याची जंबू सवारी राजवाड्याहून निघून येथे येते, ती या वृक्षाच्या पूजेसाठी. पांडवांनी अज्ञातवासापूर्वी शस्त्रे ठेवली ती शमीवर. विराटपर्वातला हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता, पण त्यातली व्यवस्था त्या दिवसांतच नीट ध्यानात आली. शस्त्रांबरोबर पांडवांनी झाडाला एक प्रेत बांधले, म्हणजे दुर्गंधीने कोणी जवळ फिरकू नये. वासाचा उपयोग कुलपासारखा! शिवाय आपसांत हाक मारण्यासाठी जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल अशी गुप्त नावे ठरविली. आमच्या शेजाऱ्यांच्या गोदामाला वास होता, पण तो बोलावणारा; आणि परवलीचा शब्द मुळीच नव्हता.

शेवटी मी गेलो. मालक पुड्यांची मोजदाद करीत होते. मी कन्नड आणि दख्खनी यांच्या माझ्या नेहमीच्या खिचडीत सांगितले की, तुमचे वायफाय उघडे आहे. ते प्रसन्न हसले. "मग वापरा की, मेष्ट्रे! पाण्याला कोणी नाही म्हणतं का?" मास्तराला इकडे मेष्ट्रे म्हणतात. या औदार्याला काय उत्तर द्यावे ते मला कळेना, म्हणून मी नवी मुंबईची हकीकत सांगितली. हसू मावळले. क्षणभराने त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"पण तुम्हांला कसं कळलं?"

भाच्याचे नाव पुढे करणारे एक वाक्य मी घरून जुळवून आणले होते. ते ओठांवर येईना. मी सगळे सांगितले, मजुरीच्या कप्प्यासह. नाव तेवढे घेतले नाही.

"तुमच्याकडे येते तिचा हिशेब पाहिलात," ते म्हणाले. मी मान हलविली. त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली. "वडिलांच्या वेळी हे वहीत असायचं. वही त्यांच्या उशाखाली असायची." ते रागावले नाहीत, रागावले असते तर मला बरे वाटले असते. संध्याकाळी त्यांच्या मुलाने जाळ्याला परवलीचा शब्द लावला, संगणकातले कप्पे बंद केले आणि मालकांनी तो शब्द चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे पाठविला: तुमची लाइन सुरू होईपर्यंत वापरा, असा निरोप. तो शब्द येथे देणे अर्थातच उचित नाही. मी तो वापरलाही नाही. चिठ्ठी मोल्सवर्थच्या छापील प्रतीत आहे.

चार दिवसांनी भांडी घासता घासता बाई म्हणाल्या, "यजमानांनी सांगितलं, सार्. तुम्ही माझा हिशेब बघितला म्हणून."

मी क्षमेचा शब्द शोधू लागलो. कन्नडमध्ये मला 'क्षमिसि' एवढाच आठवला आणि तो फार पुस्तकी वाटला.

"नऊ नाहीत आता, सातच आहेत," त्या म्हणाल्या. "दोन मी गेल्या आठवड्यात फेडले. त्यांनी अजून लिहिले नसतील." मग पातेले पालथे घालून, आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्या घरी ठाऊक नाही, सार्. कोणाला सांगू नका."