चोर्ल्याच्या वाटेवरची चिरचिर

आम्हा बेळगावकरांना गोव्याला जायला चोर्ल्याची वाट सोयीची. पण त्या वाटेवर गाडी कुरकुरायला लागली की गाडीतल्या गप्पा बंद होतात आणि सगळ्यांचे कान बॉनेटकडे लागतात. २००६ च्या श्रावणात आमचे तेच झाले. साखळीला आत्या अंथरुणाला खिळलेली. खरे तर आठवड्यापूर्वीच निघायचे, पण गावातल्या एका गॅरेजवाल्याने 'गिअरबॉक्स गेला' असे सांगितले आणि खर्चाचा आकडा ऐकून बाबांनी बेत पुढे ढकलला. मग आत्याच्या सुनेचा फोन आला. बाबा एवढेच म्हणाले, "उद्या निघायचं."

जांबोटीपर्यंत आवाज चांगलाच वाढला. पंक्चरच्या दुकानाशेजारी एक वयस्क मिस्त्री बसले होते. त्यांनी ना बॉनेट उघडले, ना पाना हातात घेतला. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला घ्यायला सांगितली. आवाज नाही. "आता क्लचवर हळूच पाय टेकवा." टेकवला मात्र, चिरचिर सुरू! पाय काढला की गप्प.

"गिअरबॉक्स नव्हे हो, रिलीज बेअरिंग," मिस्त्री म्हणाले. क्लच दाबला की हे बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबले जाऊन तिच्याबरोबर फिरते. आतले ग्रीस संपले, गोळ्या झिजल्या की ओरडते. गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग गेले असते तर सगळे उलटे झाले असते. पाय वर असताना घरघर आणि क्लच दाबला की शांत, कारण मग आतला शाफ्ट फिरायचा थांबतो. एकाच गिअरला खरखर आली तर आधी त्या गिअरवर संशय घ्यायचा. आणि न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही घूं घूं चालूच राहिली, तर चाकांची बेअरिंगे बघायची. पाच मिनिटांत एवढे कळले. गॅरेजवाल्याने ही पाच मिनिटे दिली असती तर आमचा आठवडा वाचला असता.

मग त्यांनी विचारले, "डावा पाय कुठं असतो तुमचा?"

मी बाबांकडे पाहिले. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची माझी खोड. बाबा वर्षानुवर्षे टोकत होते. बेअरिंगला विसावाच नव्हता.

"घाट उतरेल का?" बाबांनी विचारले.

"उतरेल. पण क्लच मोजून मारा. दुसऱ्यावर टाका, इंजिनाच्या ओढीवर सावकाश उतरा. न्यूट्रल अजिबात नको. बेअरिंग मोडलंच तर गिअर पडणार नाही, पण ब्रेक शाबूत आहेत."

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिथे माउलीच्या दर्शनाला थांबल्याशिवाय बाबा पुढे जात नसत. त्या दिवशी त्यांनी गाडीतूनच हात जोडले. थांबायचे म्हणजे पुन्हा क्लच! पुढे धुके इतके की दहा पावलांवरचे दिसेना. डोंगरावरून पाणी थेट रस्त्यावर येत होते. एका वळणावर समोरून ट्रक आला. मला थांबावेच लागले; पहिला गिअर टाकताना बेअरिंग असे किंचाळले की आईने माझा खांदा धरला. गिअर पडला. केरीला अंजुणे धरणाचे पाणी दिसले तेव्हा कुठे मी पाठ टेकली.

आत्याने बाबांना ओळखले. दोघे बराच वेळ हात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी साखळीतच काम केले. बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला, पण उघडावा लागला नाही. क्लच प्लेटही झिजली होती, तीही बदलली. परतीच्या वाटेवर घाट चढताना बाबांचे लक्ष ना धबधब्यांकडे होते, ना धुक्याकडे. साखळीपासून बेळगावपर्यंत ते माझ्या डाव्या पायाकडे बघत होते.