दमदमचं प्लास्टिक, हेसचा साचा

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय दिला तो असा: जुन्या रेकॉर्डींवर काहीतरी हलकंफुलकं, आठवणींचं. लिहितो म्हटलं. पण या विषयात मला आठवणींपेक्षा हिशेबाची ओढ जास्त. पारसच्या वीज केंद्रात माझी सगळी नोकरी झाली. त्या नोकरीने मीटरवर विश्वास ठेवायला शिकवलं, आणि तीच सवय रॉक संगीताच्या तबकड्या जमवतानाही राहिली. एकाच अल्बमच्या इंग्लंड, अमेरिका, जपान आणि भारतात निघालेल्या प्रती शेजारी ठेवायच्या, एकाच सुईखाली, एकाच आवाजात ऐकायच्या आणि फरक कुठून येतो ते शोधायचं, हा माझा छंद आहे. अकोल्यात हे करणारे थोडे आहेत. त्यामुळे कोणाच्या घरी माळ्यावर रेकॉर्डी निघाल्या की फोन माझ्याकडे येतो.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक फोन अमरावतीहून आला. वडील प्राध्यापक होते, वारले. मुलगा म्हणाला, ‘‘काका, बाबांच्या रेकॉर्डी एकदा पाहून घ्या, घर खाली करायचं आहे.’’ मी गेलो. बीटल्स होते, पिंक फ्लॉइड होते, बऱ्याचशा तबकड्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या, तिच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या. काही परदेशी. टॉर्च घेऊन बसलो, एकेकीचे आकडे वहीत उतरवले आणि निघताना सांगितलं की हे सगळं एकत्र ठेवा, घाई करू नका. पुढे पुण्याचा एक खरेदीदार आला. त्याने परदेशी तेवढ्या उचलल्या. मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘‘ते म्हणे इंडियन प्रेसिंगले काही अर्थ नसते. मग बाकीच्या भंगारात देऊन टाकल्या.’’

त्या भंगारात बीटल्सचा ‘अ‍ॅबी रोड’ होता. हिरव्या सफरचंदाचं लेबल, खाली दमदम. आणि लेबलाच्या कडेला, गाणं संपल्यावरच्या गुळगुळीत पट्टीवर, वायईएक्स ७४९-२ आणि पलीकडे वायईएक्स ७५०-१. हा आकडा मला अजून सोडत नाही. तो का, हे सांगायचं तर तबकडी होते कशी ते सांगावं लागेल.

स्टुडिओतली मूळ फीत वाजवून तिच्यावरून लॅकर लावलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर खाच कापतात. हे कटिंग. कापणारा इंजिनीयर इथे खूप काही ठरवतो: खर्ज किती ठेवायचा, आवाज किती मोठा, दोन खाचांमध्ये जागा किती. हॅरी मॉससारखे ईएमआय या इंग्लिश रेकॉर्ड कंपनीचे कटिंग इंजिनीयर या एका कामात आयुष्यभर मुरलेले होते. लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात. तो सुटला की उलटी धातूची प्रत मिळते, तिला फादर म्हणतात. फादरवरून मदर घडते. ती सुलटी असते, सुई ठेवून ऐकताही येते. मदरवरून पुन्हा उलटा स्टॅम्पर, म्हणजे साचा. साच्यांच्या जोडीत तापलेलं प्लास्टिक दाबलं की तबकडी. एका साच्यातून हजारभर प्रती निघाल्या की तो झिजतो, मग मदरवरून नवा.

गाणं ठरतं कटिंगला. दाबकामाला ठरतो खरखराट, टकटक, मधल्या भोकाचा नेमकेपणा, सपाटपणा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरेदीविक्रीत त्या नेहमी एक केल्या जातात. करंजीचा साचा आजीचा आणि पीठ रेशनचं असेल तर करंजी थोडी चिवट होईल, नक्षी मात्र आजीचीच उमटेल.

आता वायईएक्स. ही लंडनजवळच्या हेस इथल्या ईएमआयची स्टिरिओ मॅट्रिक्स मालिका. ‘-२’ म्हणजे त्या बाजूचं दुसरं कटिंग. सप्टेंबर १९६९ मध्ये इंग्लंडात ‘अ‍ॅबी रोड’ निघाला तेव्हाच्या पहिल्या प्रतींवर हीच जोडी आहे: पहिल्या बाजूला -२, दुसऱ्या बाजूला -१. म्हणजे अमरावतीच्या माळ्यावरच्या तबकडीतली खाच त्याच कटिंगमधून आलेली होती, ज्याच्यासाठी लंडनच्या बाजारात संग्राहक रांग लावतात. हेसहून धातूची प्रत निघाली आणि दमदमला पोचली. उलट अमेरिकेतली कॅपिटॉल कंपनी पुष्कळदा फितीची नक्कल मागवून आपल्याकडे नव्याने कटिंग करायची. फितीवरून फीत केली की एक पिढी गेली, थोडी धार गेली. तेव्हा दमदमची ती प्रत अमेरिकन प्रतीपेक्षा मूळ फितीच्या जवळ होती. ‘इंडियन प्रेसिंगले काही अर्थ नसते’ या वाक्याने ती भंगारात गेली.

जाता जाता, इंग्लिश प्रतींवर आणखी एक खूण असते ती सांगतो, कारण नव्या लोकांना ती फार आवडते. लेबलाच्या डाव्या हाताला मदरचा क्रमांक आणि उजव्या हाताला एक-दोन अक्षरं. ती अक्षरं GRAMOPHLTD या शब्दातली, म्हणजे जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत डी म्हणजे शून्य. ‘जीए’ दिसलं तर तेरावा साचा. आकडा लहान, तर प्रत लवकरची. याच्यावरून किमती ठरतात. साच्याच्या पहिल्या प्रती ताज्या असतात हे खरं, पण तेराव्या साच्याची पहिली प्रत पहिल्या साच्याच्या हजाराव्या प्रतीपेक्षा चांगली असू शकते, हे कोणी विचारात घेत नाही.

दमदमचे दोष मी झाकणार नाही. माझ्याकडच्या कित्येक प्रतींत शांत जागी बारीक सळसळ आहे. भोक मध्यापासून सरकलेलं असलं की पियानोचा लांब सूर वर-खाली डोलतो आणि ऐकणं नकोसं होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पीव्हीसी महागलं तेव्हा जगभरच्या कारखान्यांनी तबकड्या पातळ केल्या, जुनं प्लास्टिक दळून पुन्हा वापरलं. प्रत्येक दमदम प्रतीवर हेसचे आकडे असतात असंही नाही, म्हणून तर प्रत्येक तबकडी हातात घेऊन वाचावी लागते. पण पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची माझी दमदम प्रत, चांगली धुतलेली, पुढ्यात ठेवली तर घड्याळांच्या गजरानंतर जो खर्ज उभा राहतो तो आजच्या महागड्या नव्या आवृत्त्यांपैकी काहींत मला सापडलेला नाही.

या अल्बमशी आपलं आणखी एक नातं आहे. त्याला अमेरिकेत जोर लावून खपवणारे कॅपिटॉलचे तेव्हाचे प्रमुख भास्कर मेनन. ते आधी आपल्या ग्रामोफोन कंपनीचे प्रमुख होते. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने मुंबईत फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं तेव्हा स्टिरिओ यंत्राची सोय त्यांनीच करून दिली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ त्या सत्रांत वाजवायला होते. तरीही भारतीय तबकडी म्हणजे दुय्यम, हा समज आपल्याच लोकांत सगळ्यात घट्ट आहे.

समजांचंच बोलायचं तर २०२२ मध्ये झालेलं प्रकरण सांगायलाच हवं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी १९७७ पासून चोखंदळ ऐकणाऱ्यांसाठी तबकड्या काढते. मूळ फितीवरून थेट, मध्ये संगणक नाही, अशी तिच्या ग्राहकांची पक्की समजूत होती. तिच्या ‘वन स्टेप’ मालिकेत फादर-मदर वगळून लॅकरवरूनच थेट साचा घडवतात, म्हणून एकेक अल्बम तेव्हा सव्वाशे डॉलरला. २०२२ च्या जुलैमध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओ केला आणि पुढे कंपनीच्या इंजिनीयरांनीच कबूल केलं, की २०११ पासून कित्येक तबकड्यांसाठी मूळ फीत आधी डीएसडी या डिजिटल पद्धतीने टिपली जाते आणि कटिंग त्यावरून होतं. खटले झाले, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली.

कंपनीने हे स्पष्ट सांगायला हवं होतं, याबद्दल दुमत नाही. पण मला खरा धडा वेगळा वाटतो. डिजिटलचा गंध जरी आला तरी आम्हाला कळतो असं म्हणणाऱ्या नामवंत समीक्षकांनी याच तबकड्यांची वर्षानुवर्षं आरती केली होती. कोणाला कळलं नाही. म्हणजे डीएसडीची नक्कल उत्तम होती, कटिंग उत्तम होतं आणि ऐकणारे कागदावरच्या शब्दांवरून ऐकत होते. दमदमच्या तबकडीलाही लोक लेबल वाचूनच नापास करतात. फरक इतकाच, की एकीकडे लेबलाने भाव चढवला आणि दुसरीकडे उतरवला.

तसंच नव्या तबकड्यांवरचं ते ‘१८० ग्रॅम’. साधी तबकडी १२० ते १४० ग्रॅमची असते. वजन वाढवल्याने खाच खोल होत नाही, ती मिलिमीटरच्या शतांशांतच राहते. जाड तबकडी थोडी कमी वाकते, एवढाच तिचा गुण. तरुण मुलं चार-पाच हजार रुपये त्या आकड्यासाठी देतात आणि कटिंग कोणी केलं हे विचारत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. विचारायचं नाव ते आहे. ‘लेड झेपेलिन टू’ १९६९ मध्ये रॉबर्ट लडविग यांनी कापला, खर्ज पूर्ण ठेवून. स्वस्त प्लेअरवर सुई उडाली. लडविग यांनीच सांगितलंय, की अटलांटिक कंपनीच्या अहमत एर्टेगुन यांच्या मुलीच्या प्लेअरवर ती उडाली म्हणून कंपनीने खर्ज कमी करून पुन्हा कापून घेतला. आज पट्टीवर ‘आरएल’ कोरलेल्या पहिल्या प्रतींना लोक जीव टाकतात. वजन तेच, कंपनी तीच, गाणी तीच. फक्त कापणारा हात वेगळा.

माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट इथे येते. जुन्या टर्नटेबलांपैकी पुष्कळांत सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग विजेच्या वारंवारितेवर चालतो, व्होल्टेजवर नाही. वारंवारिता ५० हर्ट्झ हवी. भार जास्त, निर्मिती कमी असली की ती घसरायची. ४९ ला आली तर तबकडी दोन टक्के मंद फिरते आणि सूर अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाने उतरतो. ४८.५ ला जवळजवळ निम्म्याने. वेग तपासायला लोक ट्यूबलाइटखाली पट्ट्यांची चकती ठेवत, पट्ट्या स्थिर दिसल्या की समाधान. पण ट्यूब आणि मोटर एकाच विजेवर, दोन्ही सोबतच घसरत, म्हणून पट्ट्या स्थिर दिसणारच. २००२ च्या जुलैत पश्चिम विभागात वारंवारितेशी जोडलेला वीजदर लागू झाला आणि मग ती बरीच ताळ्यावर आली. त्याआधी वऱ्हाडात संध्याकाळी रेकॉर्ड लावणाऱ्यांनी पिंक फ्लॉइड किंचित उतरलेल्या सुरात ऐकला आणि दोष दिला तो दमदमला. हे मला कोणत्याही ध्वनिविषयक मासिकात वाचायला मिळालं नाही, कारण ती मासिकं लिहिणाऱ्यांच्या घरी वारंवारिता हलत नाही.

ऊन हा आमचा दुसरा प्रश्न. मे महिन्यात अकोल्यात सावलीतच ४५-४६ अंश असतात. तबकडीचं प्लास्टिक साधारण साठीच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखाली किंवा टिनाखाली लोखंडी कपाटात तेवढं सहज होतं. आडव्या रचलेल्या तबकड्या तिथे बशा होतात. खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीत, लाकडी मांडणीत, उभ्या, दाटीने पण दाबून नाही, अशा ठेवाव्यात. त्या खोलीत कूलर सोडू नये. गारवा मिळतो, पण ओल्या हवेने कव्हरला बुरशी धरते, आणि कव्हर गेलं की खरेदीदार अर्धा भाव पाडतो.

शेवटी एक मागणं. साठच्या दशकात ग्रामोफोन कंपनीने बीटल्सच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्याही काढल्या. ज्या गावांत वीज नव्हती तिथे चावीचे ग्रामोफोन होते, त्यांच्यासाठी. जगात बहुतेक ठिकाणी ७८ तोवर बंद झाली होती, म्हणून आज या तबकड्यांसाठी परदेशातले संग्राहक वाटेल ते मोजायला तयार असतात. लाख आपल्या पळस-कुसुमावरची. अशी एखादी तबकडी दर्यापूर-अकोटकडच्या वाड्यात नाट्यगीतांच्या ढिगात असण्याची शक्यता मला खरी वाटते. दमदमच्या तबकड्यांवरचे मॅट्रिक्स आकडे मी एका वहीत जमवतो आहे: अल्बम, लेबल, दोन्ही बाजूंचे आकडे, आणि ते हेसच्या आकड्यांशी जुळतात की नाही. अमरावतीच्या त्या ढिगाची पानं त्या वहीत आहेत. तुमच्या घरी अशा तबकड्या असतील तर विकण्याआधी खिडकीजवळ तिरक्या उजेडात धरून वाचा आणि संपादकांच्या पत्त्यावर लिहून पाठवा. लेबलाचा फोटो नको, पट्टीवरचा आकडा हवा, दोन्ही बाजूंचा.