कोडची भाषा आणि हातभार लावणारे

मुक्त सॉफ्टवेअरला स्वयंसेवक हवे असतील तर सोपी भाषा घ्या, असा सल्ला आमच्या क्षेत्रात सर्रास दिला जातो. सोपी म्हणजे बहुधा पायथन. मला तो अर्धाच पटतो.

लिनक्सच्या कर्नलला कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी नवी प्रणाली हवी होती, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन प्रकल्प जन्मले. मर्क्युरिअल मुख्यतः पायथनमध्ये लिहिलेलं, तर लिनस टोरवाल्ड्सचं गिट सीमध्ये. सोपेपणावरच सगळं ठरत असतं, तर माणसं मर्क्युरिअलकडे लोटली असती. झालं उलटं. त्यात २००८ साली आलेल्या गिटहबचा वाटा मोठा आहेच. पण गिटचे पहिले वापरकर्ते कर्नलवाले, सीमध्ये मुरलेले. काही खटकलं की दुरुस्ती करून पाठवणं हा त्यांच्या हातचा मळ. म्हणून भाषा किती जणांना येते, यापेक्षा ज्याला सॉफ्टवेअर वापरताना अडतं त्याला ती येते का, हे मी आधी पाहतो.

पण वापरणाऱ्याला प्रोग्रामिंगच येत नसेल तर? मराठी शुद्धलेखन तपासणीचं उदाहरण घ्या. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये हे काम करणारं हनस्पेल सी++ मध्ये लिहिलेलं आहे. ते मुळात हंगेरियनसाठी घडलं. तीही आपल्यासारखीच प्रत्ययांनी लगडलेली भाषा. शब्द मात्र साध्या मजकुराच्या दोन फायलींत राहतात: एकीत शब्दांची यादी, दुसरीत प्रत्ययांचे नियम. शेवटचा काना काढून '्याला' लावा, हा नियम एका ओळीत मावतो. मग 'संत्रा' आणि 'मळा' यांवरून 'संत्र्याला' आणि 'मळ्याला' ही रूपं आपोआप बरोबर ठरतात. व्याकरण पक्कं असलेल्या मराठीच्या शिक्षिकेला इथे सी++ ची एक ओळही न वाचता भर घालता येते.

आमच्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंट जमीन पाहून निवडायचा, डोळा फळ पाहून. सॉफ्टवेअरचा गाभा आणि बाहेरचा थर यांच्या भाषाही अशाच वेगवेगळ्या कसोट्यांवर निवडाव्यात. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा गाभा पायथनचा आहे, पण फॉर्मचं वागणं बदलायला त्यातच छोटी जावास्क्रिप्ट लिहिता येते. फिश या शेलच्या, म्हणजे संगणकाला आज्ञा टंकून देण्याच्या साधनाच्या, मंडळींनी २०२३ मध्ये गाभा सी++ मधून रस्टमध्ये न्यायला घेतला. सी++ साठी पुढे माणसं मिळणं कठीण जाईल, हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये रस्टमधल्या गाभ्याची ४.० आवृत्ती आली. या साऱ्या काळात आज्ञा पूर्ण करून देणाऱ्या सूचना मात्र फिशच्या स्वतःच्याच भाषेत लिहिल्या जात होत्या. त्या वापरणाऱ्याला रोजच्या सवयीने येतात, त्यामुळे गाभा बदलला तरी त्याला नवं काही शिकावं लागलं नाही.

या मांडणीची किंमतही आहे. बाहेरच्या थरात रुळलेला माणूस आपणहून गाभ्यापर्यंत क्वचितच पोचतो, आणि गाभा दोन-चार जणांच्या हाती राहतो. शिवाय थर कायम टिकत नाहीत: गिटच्या कित्येक आज्ञा आधी शेल स्क्रिप्ट होत्या, पुढे वेगासाठी आणि विंडोजवर नीट चालाव्यात म्हणून त्या सीमध्ये नेल्या गेल्या. म्हणून बाहेरचा थर जितका सोपा कराल, तितकं गाभ्याचं काम समजावून लिहून ठेवण्याचं ओझं वाढतं. ते टाळलं तर शब्द सुचवणारे पुष्कळ मिळतील. तपासणीचं यंत्रच अडलं, तर त्यात हात घालणारा सापडणार नाही.