काडेपेटीचा टँकर

आमच्या औरंगाबादेतल्या शाळेत सातवीच्या मुलांना आधी सिमसिटी खेळायला दिली, मग पुठ्ठ्याचं शहर बांधायला सांगितलं. १९८९ सालच्या या पहिल्या खेळात वीज, रस्ते पुरवावे लागतात. पाणी मात्र नाही. माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

पूल, मॉल, मेट्रो झाली. एका मुलीने गल्लीच्या तोंडाशी काडेपेटी चिकटवली.

"हे काय गं?"

"टँकर है सर. नै तो पानी कैसा आएंगा?"

मी गप्प झालो. माझ्याही घरी पिंप असतंच.

मग मलिक अंबरची नहर शिकवली. चारशे वर्षांपूर्वी पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर या शहरात पाणी आणलं होतं. मुलांनी बाटलीला सलाईनची नळी जोडली. सखल घरं लगेच भरली. तिची गल्ली चढावर, तिथे थेंब नाही. बाटलीखाली एक वीट, दुसरी वीट, नळीला चिमटा. तिसऱ्या विटेला तिच्या घरातली बाटलीची झाकणं ओली झाली. वर्गाने टाळ्या पिटल्या.

मी काडेपेटी उचलायला गेलो. तिने हात धरला.

"रहने दो सर. काम आएंगा."