टाकळा, मी आणि आजीचा चॉइस

शाळेत असताना आजी मला बसस्टॉपवर सोडायला यायची. पावसाळ्यात हा प्रकार म्हणजे निव्वळ टॉर्चर! बस येईपर्यंत ही बाई मैदानाच्या कडेला वाकून टाकळा खुडत बसायची. बसच्या खिडकीतून सगळी मुलं बघतायत आणि मी ‘ही कोण, मी नाही ओळखत’ असा चेहरा करून उभी. रात्री त्याच टाकळ्याची भाजी. भरपूर कांदा, लसूण, मिरची, वरून ओलं खोबरं. मी बटाट्याचे काप मागायचे.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी गोरेगावात भाड्याने राहते आणि फ्रीलान्सिंग करते. म्हणजे चेक वेळेवर येत नाहीत, हे ओघानं आलंच. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात बिल्डिंगच्या मागची पडीक जागा हिरवीगार झाली आणि माझी ट्यूब पेटली. अरे, हा तर टाकळा!

होमवर्क केला (मास कॉमची डिग्री कुठेतरी वापरायला हवी ना). टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर, संध्याकाळ झाली की पानं मिटतात. फुलं येण्याआधीची कोवळी पानंच खायची. संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात, कारण गजकर्णावरचं हे जुनं औषध. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा मात्र वेगळा. त्याची पानं टोकदार, जोड्या चार-पाच. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचा जीव घेणारा एक आजार आधी मेंदूज्वर समजला जायचा. तो कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्यामुळे होतो, असं डॉक्टरांनी २००७ च्या सुमारास मांडलं. त्यामुळे मी एकेक देठ मोजून खुडला. (नॅशनल पार्कात जाऊन खुडायचा प्लॅन करत असाल तर विसरा. तिथे पानही तोडायला मनाई आहे.)

पिशवी भरली. काय सॉलिड वाटत होतं! स्टेशनबाहेर आरेतल्या पाड्यावरून येणाऱ्या एक मावशी बसतात. त्यांच्याकडे शेवळं होती आणि सोबत आंबट काकडं. ती घ्यावीच लागतात, नाहीतर घसा असा खाजतो की ऑफिसला दांडी नक्की. शेवळं घेता घेता मी ऐटीत माझी पिशवी उघडून दाखवली.

मावशींनी एक पान चुरडलं, वास घेतला. ‘‘टाकळाच हाय. कुठला?’’

‘‘बिल्डिंगच्या मागचा. नाल्याच्या कडेला...’’

त्यांनी पिशवी परत माझ्या हातात दिली. ‘‘टाकून दे.’’

घाण पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत शिसं, कॅडमियम उतरतं आणि कितीही धुतलं तरी पानाच्या आत गेलेलं निघत नाही, हे मी स्वतः एका लेखात लिहिलं होतं. रेल्वे रुळांलगतच्या पालकाबद्दल! पण रानभाजी म्हटलं की ती शुद्धच, असं मी धरून चालले होते. कुठल्या रानातली, हा प्रश्नच पडला नाही.

आणि मग आजी आठवली. स्टॉपच्या मागेच गटार होतं, तिथे टाकळा नुसता माजलेला असायचा. ती तिकडे बघायचीसुद्धा नाही. मैदानाच्या पार उंच टोकाला जायची, म्हणून तर बस आली की मला हाका माराव्या लागायच्या. मला वाटायचं, म्हातारीचे नखरे. एकदाही विचारलं नाही, की इथला का नाही? त्या मैदानावर आता टॉवर आहे.

मावशींना विचारलं, तुम्ही कुठून आणता? त्या नुसत्या हसल्या. धंद्याचं सिक्रेट असं कोण सांगतं? मी त्यांच्याकडच्या टाकळ्याचे दोन वाटे घेतले. घासाघीस केली नाही.

घरी येऊन आईला फोन लावला. डाळ भिजवून घालायची का, खोबरं किती, सगळं विचारून घेतलं.

‘‘तू टाकळा करतेयस?’’ आई म्हणाली. ‘‘आजी असायला हवी होती.’’

मी कांदा चिरत होते. म्हटलं, नंतर करते फोन.