मनाला जात नसते?

आपल्या वस्तीतली मुले एमए करतात तेव्हा त्यांचे विषय ठरलेले असतात. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, नाहीतर माझ्यासारखे समाजशास्त्र. मानसशास्त्र घेतलेली मुलगी मला अंबड तालुक्यात इतकी वर्षे काम करताना एकच भेटली. ती अंतरवाली सराटीच्या परिसरातली, बौद्ध वस्तीतली. औरंगाबादला, म्हणजे कागदावरच्या छत्रपती संभाजीनगरला, एका महाविद्यालयात एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे नाव इथे सांगण्याची गरज नाही. तिची मते मात्र सांगायची आहेत, कारण ती तिच्या एकटीची नाहीत. आज शिकणारी आपली कितीतरी मुले हेच बोलतात, फक्त मानसशास्त्राची पुस्तके न वाचता बोलतात.

आधी तिचा दिनक्रम सांगते. शहरात एका खोलीत चार मुली राहतात. सकाळी डबा करायचा, दुपारपर्यंत तास, मग प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात एकमेकींवरच चाचण्या घ्यायच्या आणि निष्कर्ष वहीत उतरवायचे. चाचण्यांच्या पुस्तिका इंग्रजीत, त्यामुळे रात्री मोबाइलवर शब्द शोधत बसायचे. संध्याकाळी एका शिकवणीत लहान मुलांना गणित शिकवते, त्यातून खोलीचे भाडे निघते. शिष्यवृत्तीचे पैसे येतात तेव्हा येतात. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी बीडकडे जाणारी एसटी धरते आणि वडीगोद्रीला उतरते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, म्हणून हे येणे परवडते. आई कापूस वेचायला जाते, हंगामात उसाच्या कामाला. रविवारी सकाळी ही विहारात मुलांचा अभ्यास घेते. गावातल्या बाया विचारतात, "मनातलं वळखता येतं का गं तुला?" आणि एखादा म्हातारा म्हणतो, "येड्याची डाक्टरीण व्हायली म्हणं."

खोली मिळाली त्याचीही एक गोष्ट आहे. आधीच्या दोन ठिकाणी घरमालकिणीने पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकल्यावर एकीला अचानक आठवले की खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे. दुसरीने विचारले, "नॉनव्हेज करता का?" तिसऱ्या ठिकाणी हिने स्वतःचे आणि वडिलांचे नाव सांगितले, आडनाव सांगितलेच नाही. हे ती हसत हसत सांगते. पुढे लगेच म्हणते, "पण ताई, मी ते मनाला लावून घेत नाही. मनाला जात नसते. तुम्ही लोक सगळं जातीवर नेता."

या एका वाक्यावर आमचा वाद सुरू आहे, तो अजून संपलेला नाही.

तिचा आवडता मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. मराठी वाचकाला तो नवा नाही. कि. मो. फडके यांनी त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे आणली, रुजवली. त्याचे सूत्र सोपे आहे. ए म्हणजे घडलेली घटना. बी म्हणजे त्या घटनेबद्दलची आपली धारणा. सी म्हणजे आपल्याला होणारा त्रास. आपल्याला वाटते ए मुळे सी झाला, पण मधे बी असतो. धारणा बदलली की त्रास कमी होतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा "मी कुचकामी आहे" असे म्हणतो, त्याला हे सूत्र खरोखर उपयोगी पडते. माझा त्याला विरोध नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की, तिच्या बाबतीत ए कुठे गेला? खोली नाकारली ही घटना आहे. ती खोटी आहे असे एलिसही म्हणत नाही. पण वर्गात, रीलमध्ये, प्रेरणादायी व्याख्यानात हे सूत्र आपल्या मुलांपर्यंत येते तेव्हा त्यातला ए गळून पडलेला असतो. उरतो फक्त बी. तू कसा विचार करतेस ते बदल. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू न्यूनगंड काढ. म्हणजे खोली नाकारणारी बाई निवांत आणि उपचार मात्र आडनाव लपवणाऱ्या मुलीवर!

मन हे एकट्या माणसाच्या कवटीत बंद असते असे मानले की असे होते. खुद्द मानसशास्त्रातला आणि अर्थशास्त्रातला पुरावा वेगळे सांगतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. सोडवलेल्या कोड्यामागे पैसे होते. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले सारखीच कोडी सोडवत होती. मग दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवली. खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. मुले तीच, कोडी तशीच, बुद्धीही तीच. फरक पडला तो जात मोठ्याने वाचल्यामुळे. आता सांगा, मनाला जात नसते का?

हा अभ्यास मी तिला सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या वर्गात स्कॉलरशिपच्या याद्या मोठ्याने वाचतात."

तिचे दुसरे मत अंतरवालीबद्दल आहे. १ सप्टेंबर २०२३ ला तिथे लाठीमार झाला तेव्हा ती बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. त्याआधी राज्यात फारसे कुणाला माहीत नसलेले हे गाव एका दिवसात देशभर गेले. नंतरची उपोषणे, जानेवारी २०२४ मध्ये इथून मुंबईकडे निघालेला मोर्चा, जून २०२४ मध्ये शेजारच्या वडीगोद्रीत बसलेले ओबीसींचे उपोषण, हे सगळे तिने जवळून पाहिले. तिचे मत, "ही झुंडीची सायकॉलॉजी आहे." हे मी मान्य करत नाही. झुंडीवरचे ल बाँ याचे १८९५ चे गाजलेले पुस्तक रस्त्यावर उतरलेल्या सामान्य माणसांना घाबरून लिहिलेले आहे. त्या नजरेने पाहिले तर महाडला चवदार तळ्याकडे निघालेली माणसेही झुंडच ठरतील. नामांतरासाठी सोळा वर्षे लढलेली माणसेही झुंडच.

पण गंमत अशी की आंदोलनाबद्दल असे बोलणारी हीच मुलगी वर्गातल्या एका मराठा मुलाबद्दल फार समजुतीने बोलते. त्याच्या घरी दीड एकर जमीन, दोन भाऊ, बहिणीच्या लग्नाचे कर्ज. भरतीच्या परीक्षा देऊन थकला आहे. तो तिला म्हणतो, "तुझं बरंय, तुला सवलत आहे." तिला राग येत नाही. म्हणते, "ताई, त्याची परिस्थिती बघा ना."

बघायलाच हवी. शेतीचे तुकडे झाले, मालाला भाव नाही, नोकऱ्या नाहीत, हे खरे आहे. आरक्षणासाठी तरुणांनी जीव दिले, हेही खरे आहे आणि त्या प्रत्येक आईबापाचे दुःख आपले मानले पाहिजे. पण यातला दुटप्पीपणा बघा. त्या मुलाच्या बाबतीत सगळे फक्त ए बघतात, म्हणजे परिस्थिती. सरकार बघते, विरोधक बघतात, फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा कायदा होतो, सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघतो. त्याच्या बी ला कुणी हात लावत नाही. 'माझे जे गेले ते सवलतवाल्यांनी नेले' ही धारणा तपासून बघ, असे त्याला कुणी म्हणत नाही. जमिनी कुणी गिळल्या, कारखाने आणि शिक्षणसंस्था कुणाच्या घरात गेल्या, हे त्याला कुणी विचारायला लावत नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत मात्र उलटे. तिचा ए कुणाला दिसत नाही, सगळे उपदेश बी वर. आणि सर्वात वाईट म्हणजे तिलाही त्याची परिस्थिती दिसते, स्वतःची दिसत नाही. जात मनावर काम करते ती अशी.

तिचे तिसरे मत धम्माबद्दल आहे. तिच्या अभ्यासात माइंडफुलनेस आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून रुग्णालयात शिकवायला सुरुवात केली, ते. तिला वाटते धम्म म्हणजे हेच, श्वासावर लक्ष ठेवा आणि शांत व्हा. श्वासावर लक्ष ठेवायला कुणाची हरकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मीही ते केले आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी गोष्ट बाजूला ठेवली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून तो निघाला, हे त्यांना पटले नाही. त्यांनी पुढे आणला तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला वाद. म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच एका ए पासून होते. शेजारच्या दोन समाजांच्या भांडणातून. अंतरवाली आणि वडीगोद्री पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

बाबासाहेबांनी ए आणि बी दोन्हींवर काम केले, हे मला तिला आणि तुम्हाला सांगायचे आहे. जात ही विटांची भिंत नाही, ती मनात असते, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले. पण म्हणून त्यांनी फक्त मनावर उपचार सुचवले नाहीत. २० मार्च १९२७ ला तळ्याचे पाणी घेतले, हा ए वरचा घाव. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बायांना सांगितले की, अस्पृश्यपणाची खूण सांगणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडा, तो बी वरचा. संविधानातले सतरावे कलम ए साठी, १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा बी साठी. एक सोडून दुसरे त्यांनी कधी केले नाही.

आता तिचे चौथे मत. ते मला सर्वात जास्त लागले, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. ती म्हणाली, "ताई, आपल्या चळवळीत रडायला जागा नाही. रोहित गेल्यावर मोर्चा काढतात, पायल गेल्यावर मोर्चा काढतात. पण आत्ता होस्टेलवर जी जिवंत आहे, तिला कोण विचारतं?"

१७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ ला दर्शन सोळंकी गेला. आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवे होते. त्या मोर्चांमुळेच हे मृत्यू खासगी दुःख म्हणून दाबता आले नाहीत. पण मोर्चा संपल्यावर वसतिगृहात परतलेल्या मुलामुलींशी बोलण्याची व्यवस्था आपण कुठे उभारली? राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये वर्षानुवर्षे ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हते. आणि समुपदेशक मिळाला तरी 'आडनाव सांगायची भीती वाटते' हे वाक्य त्याला कळेल याची खात्री कोण देणार?

म्हणून तिच्यासारख्या मुली या विषयात हव्यात. आणि इथेच अडचण आहे. तिला प्रबंधासाठी विषय हवा होता, 'खोली शोधताना जात लपवणाऱ्या विद्यार्थिनींमधील चिंता'. मार्गदर्शकांनी सांगितले, जात नको, विषय नाजूक आहे, 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतील ताण' घे. प्रश्नावली तयारच आहे. वय, लिंग, शहरी की ग्रामीण. जातीचा रकाना नाही. मग निष्कर्ष काय निघणार? ग्रामीण मुलींमध्ये ताण जास्त. जनगणनेत जात मोजा म्हणून आपण इतकी वर्षे भांडलो, ३० एप्रिल २०२५ ला केंद्राला ते जाहीर करावे लागले. मग मनाची मोजदाद करताना जात का वगळायची? ज्याचा रकानाच नाही ते दुखणे आकड्यात येणार कसे?

शिवाय नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्यासाठी पुढचे प्रशिक्षण, मोजक्या जागा, मोठी शहरे आणि खासगी संस्थांची न परवडणारी फी. ती म्हणते, एमए झाले की कुठेतरी शाळेत कंत्राटी समुपदेशक होईन. आईचे हात तोवर टिकले पाहिजेत.

मित्रांनो, जयंतीच्या डीजेवर आपण जेवढा खर्च करतो त्याच्या एका तुकड्यात तालुक्यातून एक मुलगी या प्रशिक्षणाला पाठवता येईल. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ फक्त ऐकण्यासाठी ठेवा. भाषण नाही, सत्कार नाही. वसतिगृहातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांची जबाबदारी वाटून घ्यावी. मानसशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांनी आपापल्या प्रश्नावलीत जातीचा रकाना मागावा, लेखी मागावा, नकार आला तर तोही लेखी घ्यावा. आणि रात्री-बेरात्री कुणाला असह्य झाले तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. तो लावणे म्हणजे कमजोरी नव्हे.

तिने अजून विषय बदललेला नाही. अर्ज भरायला थोडे दिवस आहेत. मार्गदर्शकांना दाखवायला तिने हॉफ आणि पांडे यांचा निबंध छापून मागितला, तो मी दिला आहे. जात घेऊन मनाचा अभ्यास करणाऱ्या आणखी कुणी असतील, त्यांनी तिला एकटी पडू देऊ नये. तिच्या मतांशी वाद घालत राहू, पण तिच्या बाजूला उभे राहून.

जयभीम!